लोलकात अडकलेली गोळी

फिजिक्सच्या पुस्तकात ‘बॅलिस्टिक पेंड्युलम’ नावाचं एक गणित असतं. टांगलेला लाकडी ठोकळा, त्यात घुसणारी गोळी, आणि खाली प्रश्न : गोळीचा वेग काढा. चार मार्कांसाठी आपण ते घोकतो आणि विसरतो. हे गणित ज्यानं खरोखर बंदूक झाडून सोडवलं, तो बेंजामिन रॉबिन्स आपल्याच देशात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वारला, हे मात्र पुस्तकात नसतं.

रॉबिन्सचा जन्म 1707 चा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. घरची परिस्थिती बेताची, आणि माणसं क्वेकर पंथाची, म्हणजे शस्त्राला हात न लावणारी! कॉलेजचं तोंड न पाहता पठ्ठ्या बहुतेक गणित स्वतःच शिकला. लंडनला येऊन शिकवण्या घेऊ लागला आणि 1727 मध्ये, ऐन विशीत, रॉयल सोसायटीचा फेलो झाला. क्वेकर पंथ त्यानं पुढे सोडला.

त्या काळी तोफेचा गोळा पॅराबोलातच जातो असं धरून चालत. गॅलिलिओनं हवेचा विरोध बाजूला ठेवून ते गणित मांडलं होतं. इतक्या जड गोळ्याला हवा काय अडवणार, असं तोफखान्यातल्या लोकांनाही वाटे. वाद मिटवायचा तर गोळीचा वेग हवा, आणि तो मोजणार कसा? डोळ्याला ती दिसत नाही, आणि इतका बारीक वेळ मोजणारं घड्याळही नव्हतं.

रॉबिन्सनं गोळीला पकडून हळू केलं. लोखंडी तिकाटण्याला साधारण 56 पौंडांचा लोलक टांगला, त्याच्या तोंडाला लाकडाची जाड फळी बसवली. गोळी पौंडाचा बारावा भाग. ती फळीत रुतली की गोळी आणि लोलक मिळून जवळजवळ पावणेसातशेपट जड वस्तू होते, म्हणजे वेगही तितक्या पटीनं उतरतो. सेकंदाला सोळाशे फुटांचे राहिले दोन-अडीच फूट. लोलक किती मागे गेला ते खाली लावलेली फीत किती ओढली गेली त्यावरून कळे. (व्हायव्हात इथे हमखास दांडी उडते. गोळी रुतताना ऊर्जा टिकत नाही, ती लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते; टिकतो तो संवेग. ऊर्जेचं समीकरण त्यानंतर, लोलक वर चढताना लावायचं.)

मग त्यानं लोलक बंदुकीपासून 25, 75 आणि 125 फुटांवर ठेवून गोळ्या झाडल्या. वेग आले अनुक्रमे 1670, 1550 आणि 1425 फूट. शंभर फुटांत सुमारे अडीचशे फुटांचा वेग गायब! हिशेब करून बघा, हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या सुमारे 120 पट येतो. पॅराबोलाच्या हिशेबानं ही गोळी 17 मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, हेही त्याच्या लक्षात आलं.

आज हजार मीटरवर नेम धरणारे नेमबाज मोबाइलवरच्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरला हेच आकडे देतात : नळीच्या तोंडाशी वेग किती, आणि हवा तो किती खाते. वेग ते क्रोनोग्राफनं किंवा छोट्या रडारनं मोजतात. नसेल तर लांबच्या निशाण्यावर गोळी किती खाली लागली त्यावरून उलटा हिशेब मांडतात. सेकंदाला दहा मीटरची चूक झाली, तर तिथं गोळी वीतभर तरी सहज चुकते.

हे सगळं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या 1742 च्या पुस्तकात छापलं गेलं. त्याच्या आधी, 1741 मध्ये, वूलिचला नवी लष्करी अकादमी निघाली होती आणि रॉबिन्सला तिथं प्रोफेसर व्हायचं होतं. जागा दुसऱ्याला मिळाली. पंतप्रधान वॉलपोलच्या विरोधात रॉबिन्सनं पत्रकं लिहिली होती. बाकी अंदाज ज्याचा त्यानं बांधावा.

ऑयलरची गोष्ट मला जास्त आवडते. रॉबिन्सनं 1739 मध्ये ऑयलरच्या ग्रंथावर कडक टीका केली होती. त्याच ऑयलरनं 1745 मध्ये रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, वर मूळ पुस्तकापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या! एका ठिकाणी मात्र मोठा माणूस चुकला. फिरणारी गोळी फिरण्यामुळेच बाजूला वळते, हे रॉबिन्सनं नळी वाकवून, कागदाचे पडदे लावून दाखवलं होतं. ऑयलरला ते पटलं नाही. शंभर वर्षांनी त्या परिणामाला नाव मिळालं ते मॅग्नसचं.

रॉयल सोसायटीनं 1746 चं कोप्ली पदक रॉबिन्सला दिलं. पुढे 1749 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं किल्ल्यांच्या कामासाठी त्याला मुख्य इंजिनिअर नेमलं. मद्रास नुकतंच फ्रेंचांकडून परत मिळालं होतं. जुलै 1750 मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोहोचला, लगेच तापानं पडला, उठून पुन्हा कामाला लागला. मद्रास आणि सेंट डेव्हिड या दोन्ही किल्ल्यांचे आराखडे त्यानं केले. ते बांधून झालेले बघायला तो राहिला नाही. 29 जुलै 1751 ला फोर्ट सेंट डेव्हिडलाच तो गेला. वय 44.

त्याचं लेखन मित्रांनी 1761 मध्ये एकत्र छापलं. आणि 1775 पासून चार्ल्स हटननं आणखी मोठा लोलक टांगून तोफेच्या गोळ्यांचे वेग मोजायला सुरुवात केली. हटन प्रोफेसर होता वूलिचच्या अकादमीत.