सेलमन वाक्समन

सेलमन अब्राहम वाक्समन (२२ जुलै १८८८ – १६ ऑगस्ट १९७३) हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल त्यांना १९५२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला.

त्यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. रटगर्स येथे शेतीशास्त्राची पदवी आणि कॅलिफोर्नियात पीएच.डी. मिळविल्यावर ते रटगर्सलाच अध्यापक झाले. मातीतील सूक्ष्मजीव, विशेषतः ॲक्टिनोमायसीट, हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय होता.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध

मातीत मिसळलेले क्षयाचे जंतू हळूहळू नाहीसे होतात. तेव्हा मातीतील काही जीव त्यांना मारत असले पाहिजेत, असा तर्क होता. वाक्समन यांचे शिष्य रने द्यूबो यांनी १९३९ मध्ये मातीतील जिवाणूपासून जंतुनाशक द्रव्य मिळविले आणि वाक्समन यांनी असा शोध पद्धतशीरपणे हाती घेतला. एकेक सूक्ष्मजीव वेगळा वाढवायचा आणि तो रोगजंतूंची वाढ रोखतो का, हे पाहायचे, अशी ही चिकाटीची रीत होती. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन व १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन मिळाले. परंतु दोन्ही शरीराला विषारी ठरली.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचे विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ यांना तळघरातील प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. पेनिसिलिन क्षयावर निष्प्रभ होते. हे औषध मात्र लागू पडले. मेयो क्लिनिकमधील फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी गिनीपिगांवर व नंतर रुग्णांवर त्याचे प्रयोग केले.

ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४, तर न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. मात्र औषध घेणाऱ्या अनेकांच्या शरीरातील जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील अंतर बरेच कमी झाले. पॅरा-ॲमिनो सॅलिसिलिक आम्लाची जोड दिल्यावर हा प्रतिरोध लांबला. क्षयावर एकच औषध न देता अनेक औषधे एकत्र देण्याची आजची पद्धत या अनुभवातून आली. कानावर व शरीराच्या तोलावर होणारा दुष्परिणाम हाही या औषधाचा मोठा दोष होता.

श्रेयाचा वाद

स्वामित्वशुल्कातील वाट्यासाठी आणि श्रेयासाठी शॅट्झ यांनी १९५० मध्ये गुरूवर दावा लावला. तडजोडीत शॅट्झ सहसंशोधक ठरले व त्यांना ३ टक्के वाटा मिळाला. तरीही नोबेल एकट्या वाक्समन यांना देण्यात आले. शोधाची दिशा व पद्धत गुरूची असली, तरी प्रत्यक्ष जंतू हाताळण्याचा धोका शिष्याने पत्करला होता. त्यामुळे हा निर्णय अनेकांना अन्यायकारक वाटतो. मूळ निबंधावर एलिझाबेथ ब्यूगी यांचेही नाव होते, त्यांचा उल्लेख तर क्वचितच होतो.

१९४९ मध्ये वाक्समन व ह्यूबर्ट लशव्हालिए यांनी निओमायसिन शोधले. स्वामित्वशुल्काच्या पैशातून रटगर्स येथे सूक्ष्मजीवशास्त्र संस्था उभी राहिली. ती आज वाक्समन यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातही स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले.