लष्करानं पैसे दिले नाहीत, गड्यानं स्वतःच्या खिशातून घोडा घेतला अन् थेट ऑलिंपिक गोल्ड मारलं

उड्यांच्या शर्यतीचा घोडा पाळणं म्हणजे पैशांचा खेळ. किंमत एकदाच मोजायची, पण चारा, नाल, तबेला, मोतद्दार हा खर्च कायमचा.

जपानच्या ताकेइची निशीला तो झेपणारा होता. १९०२ चा जन्म, बॅरनचं घराणं, लहानपणीच हाती आलेली वडिलांची इस्टेट. पुढं तो घोडदळात अधिकारी झाला. १९३० मध्ये इटलीत त्याला ‘युरेनस’ घोडा आवडला. लष्कराकडून पैसे मिळेनात, तेव्हा त्यानं स्वखर्चानं घेतला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच जोडीनं सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत जपानला मिळालेलं हे आजवरचं एकमेव सुवर्ण.

पण युद्धात घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली. रणगाडा रेजिमेंटचा प्रमुख म्हणून निशी इवो जिमा बेटावर गेला आणि मार्च १९४५ मध्ये तिथंच मारला गेला. वय होतं ४२.