जॉर्ज बूल

इंग्लंडमधील लिंकन या नगरात २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूलचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवीत. परंतु त्यांचे मन जोड्यांपेक्षा दुर्बिणी आणि भिंगे यांतच अधिक रमे. गणिताची गोडी जॉर्जला त्यांनीच लावली. पुढे वडिलांचा धंदा बसला आणि वयाच्या सोळाव्या वर्षीच घरचा भार जॉर्जवर पडला. महाविद्यालयात जाण्याची आशा सोडून त्याने डॉनकास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली.

दिवसा शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. लाक्रूआ या फ्रेंच गणितज्ञाचा उच्च गणितावरील ग्रंथ त्याने शिक्षकावाचून अभ्यासिला. अडलेले सांगावयास जवळ कोणी नव्हते. त्यामुळे वेळ फार लागे, पण समजलेले पक्के होई. १८३४ मध्ये त्याने लिंकन येथे स्वतःची शाळा काढली. १८४९ मध्ये तर आयर्लंडमधील कॉर्क येथील महाविद्यालयात, पदवी नसतानाही, तो गणिताचा प्राध्यापक झाला.

बीजगणितातील अक्षरे संख्यांच्या जागी येतात. ती विचारांच्या जागी का येऊ नयेत, असा प्रश्न बूलला पडला. समजा, 'क' म्हणजे पांढऱ्या वस्तू. पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या, तरी हाती त्याच येतात. म्हणून बूलच्या बीजगणितात क गुणिले क म्हणजे कच! संख्यांमध्ये हा नियम केवळ ० आणि १ यांनाच लागू पडतो. मग विधान खरे असेल तर १ आणि खोटे असेल तर ० मानून तर्कही गणितासारखा सोडविता येतो. हे विचार त्याने १८४७ आणि १८५४ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

१८६४ मध्ये एकदा भर पावसात पायी चालत तो महाविद्यालयात गेला आणि ओल्या कपड्यांनीच त्याने शिकविले. त्यातून आलेले दुखणे विकोपास जाऊन ८ डिसेंबर रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्या या गणिताचा व्यवहारात काय उपयोग, हे तेव्हा कोणास सांगता आले नसते. पुढे ७३ वर्षांनी, १९३७ मध्ये, क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने दाखविले, की विजेची बटणेही बूलचेच नियम पाळतात : चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. आजच्या प्रत्येक संगणकाचे काम याच दोन अंकांवर चालते. ज्याला विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी कधीच चढता आली नाही, त्याचे बीजगणित आज जगभरातील विद्यापीठांत शिकविले जाते.