बँक गेली, थडगे राहिले

लंडनच्या सेंट पॅन्क्रस रेल्वे स्थानकामागे, एका जुन्या चर्चला लागून छोटीशी सार्वजनिक बाग आहे. पूर्वी ही दफनभूमी होती. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्गासाठी तिचा काही भाग घेण्यात आला आणि हजारो मृतांचे अवशेष उकरून अन्यत्र हलवण्यात आले. त्या कामावर देखरेख करणाऱ्यांत, पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेला तरुण थॉमस हार्डी होता. १८७७ मध्ये उरलेली जागा बाग म्हणून खुली झाली. या साऱ्या उलथापालथीत एक थडगे मात्र जागचे हलले नाही. ते वास्तुशिल्पी सर जॉन सोन यांचे होय.

सोन यांचा जन्म १७५३ चा. गवंडीकाम करणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या या मुलाने रॉयल अकादमीचे सुवर्णपदक मिळवले आणि शिष्यवृत्तीवर इटलीचा प्रवास केला. १७८८ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुशिल्पी म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद त्यांनी पंचेचाळीस वर्षे सांभाळले. फ्रान्सबरोबरच्या युद्धांमुळे सरकारी कर्ज वाढत होते आणि त्याबरोबर बँकेचा कारभारही. सुरक्षिततेसाठी बाहेरच्या भिंतीला खिडक्या ठेवता येत नव्हत्या. म्हणून सोन यांनी प्रकाश वरून, घुमटांतून आत आणला. त्या दालनांची कीर्ती युरोपभर झाली.

कौटुंबिक सुख मात्र त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. मुलांनी आपला व्यवसाय पुढे चालवावा, ही त्यांची इच्छा फलद्रूप झाली नाही. धाकटा जॉर्ज कर्जापायी तुरुंगात गेला. पुढे १८१५ मध्ये त्याने पित्याच्या वास्तुकलेची निर्भर्त्सना करणारे दोन लेख निनावी छापले. आई एलिझाबेथ त्या वेळी आजारी होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती मरण पावली. पत्नीच्या मृत्यूला मुलाचे लेखच कारण झाले, अशी सोन यांची धारणा झाली आणि ती अखेरपर्यंत कायम राहिली. ते लेख त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावले.

पत्नीसाठी १८१६ मध्ये त्यांनी हे थडगे रचले. मध्ये संगमरवरी स्मारक आणि त्यावर चार खांबांनी पेललेला बसका घुमट, अशी त्याची घडण आहे. १८२३ मध्ये थोरला मुलगा जॉन आणि १८३७ मध्ये खुद्द सोन तेथेच विसावले. १९२४ मध्ये गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडच्या लाल टेलिफोन-कक्षाचा आराखडा केला, तेव्हा त्याच्या माथ्याची प्रेरणा याच घुमटातून घेतली, असे मानले जाते.

आणि बँक? कारभार पुन्हा वाढला, जागा अपुरी पडू लागली, शहराच्या मध्यभागातील जमिनीचे मोल तर अपार होते. १९२५ पासून हर्बर्ट बेकर यांच्या योजनेनुसार सोन यांची दालने पाडण्यात आली. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती उभारणारे बेकर ते हेच. शिल्लक राहिली ती मुख्यतः बाहेरची भिंत. बँकेच्या ताळेबंदाच्या दृष्टीने हा निर्णय अवास्तव नव्हता. परंतु ज्या हानीची किंमत कोणाच्याही खात्यावर पडत नाही, ती ताळेबंदात दिसत नाही. विसाव्या शतकात लंडनच्या वास्तुवैभवाची झालेली ही एक मोठी हानी होती, असे जाणकार आज मानतात.

आपल्या राहत्या घराच्या बाबतीत सोन यांनी ही जोखीम पत्करली नाही. लिंकन्स इन फील्ड्समधील ते घर आणि त्यातील कलासंग्रह १८३३ मध्ये त्यांनी संसदेच्या खास कायद्यान्वये राष्ट्राच्या स्वाधीन केला. सारे काही शक्य तितके जसेच्या तसे राखावे, ही अट घातली. या दानामागे लोकहिताबरोबर जॉर्जवरील रोषही होता, हे नाकारता येणार नाही. त्याचा वारसाहक्क त्यामुळे संपुष्टात आला. हेतू संमिश्र असला तरी तरतूद पक्की होती. ते संग्रहालय आजही विनामूल्य पाहता येते.

बँकेची दालने भक्कम होती, उपयुक्त होती आणि त्यांचा मालक देशातील सर्वांत बलाढ्य संस्थांपैकी एक होता. तरीही ती गेली. घर राहिले ते कायद्यामुळे आणि थडगे राहिले ते बागेमुळे. शहरातील जुनी वास्तू केवळ तिच्या गुणांवर तगत नाही. जमिनीचा भाव चढण्यापूर्वीच तिच्या रक्षणाची तरतूद समाजाने करून ठेवावी लागते.