समुद्राची विद्या खुली करणारा मुअल्लिम

रमजानचा चंद्र पाहायला संध्याकाळी गच्चीवर माणसे जमतात, तेव्हा कुणी तरी हात लांब करतो आणि क्षितिजापासून किती बोटे वर पाहायचे ते लहानांना सांगतो. बोटांनी आकाश मोजण्याची ही रीत फार जुनी आहे. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी अरबी समुद्रातली गलबते याच हिशोबावर चालत होती. तो हिशोब व्यवस्थित लिहून काढणारा आणि साध्या खलाशालाही तो पाठ व्हावा म्हणून पद्यात बांधणारा माणूस म्हणजे शिहाबुद्दीन अहमद इब्न माजिद.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात जुलफार या बंदरात त्याचा जन्म झाला. हे ठिकाण आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमा इथे येते. घराणे दर्यावर्दींचे होते. आजोबा मुअल्लिम, वडीलही मुअल्लिम. गलबतावरचा मुअल्लिम म्हणजे वाट दाखवणारा जाणकार. मदरशात शिकवणाऱ्या गुरुजींनाही हाच शब्द आहे. हिंदुस्थानी खलाशांनी पुढे त्याचे मालम केले. समुद्रावरचे असे कितीतरी शब्द आपल्याकडे मुरले आहेत. नाखुदाचा नाखवा झाला, सुक्कानचे सुकाणू झाले आणि मौसिमचा मोसम झाला.

वडिलांचे आयुष्य तांबड्या समुद्रात गेले. हा समुद्र अरुंद आणि पाण्याखालच्या प्रवाळी खडकांनी भरलेला. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची गलबते त्यातूनच जिद्दा बंदराला लागत. एक खूण चुकली की तळ फाटायचा आणि हजची नियत करून निघालेली माणसे बुडायची. वडिलांनी त्या वाटेवर हजाराहून अधिक कडव्यांची रचना केली होती. अहमदने ती शिकली, त्या पाण्यात स्वतः फिरून पडताळली आणि जिथे चूक आढळली तिथे दुरुस्त केली. बापाच्या शब्दाला हात लावणे त्या काळी सोपे नव्हते. पण खडक बापाचा मान राखून बाजूला होत नाही, हे समुद्रावर वाढलेल्या मुलाला ठाऊक होते.

त्याच्या आधी ही विद्या बहुतेक घराण्याघराण्यांत राहत असे. बाप मुलाला सांगे, जुना मुअल्लिम आपल्या शागिर्दाला सांगे. लेखी वह्या होत्या, पण त्यांत ऐकीव माहिती बरीच होती. मुहम्मद इब्न शाझान, सहल इब्न अबान आणि लैस इब्न कहलान हे तीन जुने लेखक समुद्राचे सिंह मानले जात. इब्न माजिदने त्यांचा आदर केला, पण त्यांनी स्वतः पाहण्यापेक्षा गोळा करण्याचे काम अधिक केले, हेही स्पष्ट लिहिले. मग आपण त्या तिघांनंतरचे चौथे, असेही तो सांगून मोकळा झाला. नम्रतेबद्दल त्याची ख्याती नव्हती.

1462 मध्ये त्याने समुद्रविद्येच्या मूलतत्त्वांवर अकरा प्रकरणांचा पद्यग्रंथ पुरा केला. त्याच्या नावावरच्या सुमारे चाळीस रचनांपैकी बहुतेक पद्यात आहेत. यामागे व्यवहार होता. रात्री वाऱ्यात, हेलकावणाऱ्या डेकवर दिवा धरून वही चाळता येत नाही. आपल्याकडे पाढे जसे चालीवर म्हणून पक्के होतात, तसे ताऱ्यांचे आकडे रजज नावाच्या सोप्या छंदात बसवले की ते निरक्षर खलाशाच्याही तोंडी राहतात. जगाच्या निरनिराळ्या भागांतून किबल्याची दिशा कशी काढावी, यावरही त्याने पद्यरचना केली.

1490 च्या सुमारास त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ तयार झाला, ‘किताब अल-फवाइद’. हा गद्यात आहे आणि त्याचे बारा भाग आहेत. होकायंत्राची सुई, चंद्राची नक्षत्रे, दिशा, ताऱ्यांच्या उंचीवरून जागा ओळखणे, किनाऱ्यांची वर्णने, बेटे, वाऱ्यांचे मोसम आणि शेवटी तांबडा समुद्र, असा त्याचा विस्तार आहे.

यातली मुख्य युक्ती समजायला सोपी आहे. उत्तरेकडे जावे तसा ध्रुवतारा क्षितिजापासून वर चढतो, दक्षिणेकडे जावे तसा खाली येतो. ही उंची मोजण्याचे एकक होते ‘इस्बा’, म्हणजे बोट. एक बोट म्हणजे सुमारे 1.6 अंश. मोजायला एक लहान लाकडी फळी असे आणि तिच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी ओवलेली असे. दोरीची ठरलेली गाठ दातांत धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यासमोर न्यायची, खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेला तारा येतो का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची बोटे ठरलेली असत. त्या बंदराला जायचे तर आधी ध्रुवतारा तेवढ्या बोटांवर येईपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकायचे, मग ती उंची न सोडता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला चालायचे. बंदर आपोआप समोर येई. तीन तासांच्या चालीला एक झाम म्हणत. नीट उत्तरेला आठ झाम, म्हणजे एक पूर्ण दिवस-रात्र चालले की तारा एक बोट वर चढतो, असा हिशोब होता.

पण यात एक धोका होता. त्या काळी ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभर त्याभोवती फिरत होता. तो वर असताना मोजला की खाली असताना, यावर सात अंशांपर्यंत फरक पडे. समुद्रावर हा फरक साडेसातशे किलोमीटरहून जास्त होतो. म्हणून त्या क्षणी कोणते नक्षत्र डोक्यावर आहे ते पाहून किती बोटे मिळवायची, हे मुअल्लिमला पाठ असावे लागे. इब्न माजिदने ही दुरुस्ती बारकाईने मांडली. चंद्राची अठ्ठावीस घरे त्याच्या ग्रंथात आहेत आणि पंचांग पाहणाऱ्याला ती परकी वाटणार नाहीत. सुरैया म्हणजे आपल्या कृत्तिका, दबरान म्हणजे रोहिणी. दक्षिणेचा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. गलबताच्या बत्तीस दिशाही ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून ठरत. पंधरा ताऱ्यांची उगवण, त्यांचीच मावळण आणि दोन ध्रुव मिळून बत्तीस.

वाऱ्यांच्या बाबतीत त्याने कॅलेंडरचा प्रश्नही नीट हाताळला. हिजरी वर्ष चंद्राचे, सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. वारे मात्र सूर्याचे ऐकतात. गलबत रज्जबमध्ये हाकारायचे की शाबानमध्ये, असे कायमचे सांगताच येत नाही. त्यामुळे दर्यावर्दी इराणी नैरोजपासून दिवस मोजत आणि इब्न माजिदनेही प्रस्थानाच्या मुदती नैरोजच्या दिवसांत दिल्या. रोजे चंद्रावर, शीड सूर्यावर, असा तो सरळ व्यवहार होता. पावसाळ्यात हिंदुस्थानची बंदरे बंद होत. जोर ओसरता ओसरता, ऑगस्टच्या अखेरीस, एडनहून गलबते सुटत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात, त्याच्याच आसपासचा हा काळ. बहमनी राज्यात दाभोळ तेव्हा भरभराटीला होते आणि तिथून तांबड्या समुद्राकडे व होर्मुझकडे व्यापार चाले.

गणिताइतकीच त्याला माणसाची काळजी होती. गलबत जमिनीवर असतानाच त्याचे दोष पाहून लिहून ठेवावेत, निघण्याआधी होकायंत्र तपासावे, सुकाणूवर बसलेल्याला डुलकी लागते म्हणून मुअल्लिमने जागे राहावे, असे तो बजावतो. मुअल्लिमने मऊ बोलावे, एकासाठी दुसऱ्यावर अन्याय करू नये, व्यापाऱ्यांच्या मालातले ठरल्यापलीकडे काही घेऊ नये आणि अल्लाहचे भय बाळगावे, असेही सांगतो. किनारा जवळ आल्याच्या खुणा देतो. पाण्याचा रंग, पक्षी, शिशाच्या वजनाला लागून वर येणारा चिखल आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याजवळ दिसणारे समुद्रसाप.

त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाला एक डाग चिकटला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मक्केतला इतिहासकार कुतुबुद्दीन नहरवाली याने लिहिले की, वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट इब्न माजिदने दाखवली आणि तीही दारूच्या नशेत. ही गोष्ट शतकानुशतके फिरत राहिली. गामा 24 एप्रिल 1498 रोजी पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला आणि 20 मे रोजी कालिकतपाशी पोहोचला, हे खरे. पण पोर्तुगीज इतिहासकार जुआंव दे बारोस त्या वाटाड्याला गुजराती मुसलमान म्हणतो आणि त्याचे नाव मालेमो काना असे देतो. यातला मालेमो म्हणजे मुअल्लिमच. अभ्यासकांनी आता नहरवालीची कथा बहुतांशी बाजूला ठेवली आहे. शिवाय मालिंदी ते मलबार ही वाट कुणाचे गुपित नव्हती. आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्यात ये-जा करणाऱ्या मुअल्लिमांच्या ती रोजच्या पायाखालची होती.

इब्न माजिदचे ग्रंथ कुणाच्या हाती पडले, याची एक पक्की नोंद मात्र आहे. 1554 मध्ये तुर्की नौसेनानी सीदी अली रईस वादळांनी झोडपलेला आपला ताफा घेऊन गुजरातच्या किनाऱ्याला लागला. परत फिरायला गलबते उरली नव्हती. अहमदाबादेत मुक्काम असताना त्याने आपल्या देशातल्या खलाशांसाठी हिंदी महासागरावर ‘मुहीत’ नावाचा तुर्की ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने समोर ठेवलेल्या पुस्तकांत जुलफारच्या या मुअल्लिमची पुस्तके होती.