हान्स पीटर लून : खणांचा हिशेब मांडणारा संशोधक

एखाद्या कार्यालयातील शंभर संगणकांवर एकच फाइल असेल, तर बॅकअप साठवणाऱ्या आधुनिक यंत्रात ती शंभर वेळा साठवली जात नाही. ती एकदाच ठेवली जाते. बाकीच्या नव्व्याण्णव ठिकाणी केवळ तिच्या जागेची नोंद राहते. डिडुप्लिकेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या मुळाशी हॅशिंगची कल्पना आहे. ती कागदावर मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत हान्स पीटर लून यांचे नाव अग्रभागी आहे.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतील बार्मेन येथे झाला. वडील मुद्रक होते. घरचा व्यवसाय पुढे चालवायचा म्हणून लून स्वित्झर्लंडला छपाई शिकायला गेले. मात्र पहिल्या महायुद्धात त्यांना जर्मन सैन्यात दाखल व्हावे लागले. युद्धानंतर ते वस्त्रोद्योगात शिरले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. कापडातील धागे मोजण्याचे लुनोमीटर हे साधन त्यांचेच. घडीचा रेनकोट, घरात असलेल्या मद्यांतून कोणते कॉकटेल जमेल ते सांगणारा तक्ता असले उद्योगही त्यांनी केले. त्यांच्या नावावरील पेटंटांची संख्या ऐंशीच्या वर गेली.

१९४१ मध्ये आयबीएममध्ये दाखल झाले तेव्हा ते पंचेचाळिशीच्या घरात होते. रसायनशास्त्रज्ञांना संशोधनपर साहित्याच्या ढिगाऱ्यातून हवे ते शोधून देणारे यंत्र हवे होते. त्या कामातून लून माहितीच्या शोधाकडे वळले. जानेवारी १९५३ मध्ये कंपनीअंतर्गत टिपणात त्यांनी सुचवले, की क्रमांकावर थोडे गणित करून त्यातून खणाचा क्रमांक काढावा आणि नोंद त्या खणात ठेवावी. मग सारी यादी चाळावी लागत नाही. तेवढा एक खण उघडला की पुरे. दोन नोंदी एकाच खणात आल्या, तरी त्यांत नेमकी कोणती हवी ते पाहता येते.

बॅकअपमध्ये मात्र अशी सैलसर जुळणी चालत नाही. तेथे फाइलचे तुकडे करून प्रत्येकाचा ठसा काढतात. ठसा जुना असेल, तर तुकडा पुन्हा साठवत नाहीत. हे काम कर्मचाऱ्याच्या संगणकावर, म्हणजे क्लायंटवर लावून दिले, तर आधी केवळ ठसे सर्व्हरकडे जातात आणि सर्व्हरकडे नसलेले तुकडेच मागाहून पाठवले जातात. नेटवर्कवरचा भार हलका होतो. त्या संगणकाचे श्रम मात्र वाढतात. दोन भिन्न तुकड्यांचा ठसा एकच निघाला, तर चूक उमगणार ती थेट माहिती परत मिळवण्याच्या दिवशी. म्हणूनच येथे १६० किंवा २५६ बिटांचे लांब ठसे वापरले जातात. त्यांचे गणित लून यांच्या गणितापेक्षा कितीतरी अवघड आहे. ठशावरून जागा गाठण्याची रीत मात्र त्याच खणांची.

दुसरा धोका अधिक साधा आहे. शंभर फाइली एकाच तुकड्यावर विसंबून असतील, तर तो बिघडताच शंभरही बिघडतात. त्यामुळे परत मिळवताना प्रत्येक तुकडा पुन्हा तपासावा लागतो. चूक पकडण्याच्या प्रश्नावरही लून यांनी वेगळ्या संदर्भात काम केले होते. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी क्रमांक तपासणाऱ्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६० मध्ये मंजूर झाले. ४५७ हा क्रमांक घेऊ. उजवीकडून एकाआड एक अंकाची दुप्पट करायची, दोन अंकी उत्तर आल्यास त्यातील अंकांची बेरीज घ्यायची. ७ चे १४, म्हणजे ५. मधले ५ तसेच. ४ चे ८. बेरीज १८. ती २० व्हायला २ हवेत, म्हणून पूर्ण क्रमांक ४५७२. कारकुनाने चुकून ४७५२ लिहिले, तर बेरीज १८ भरते आणि चूक उघडी पडते. शून्य आणि नऊ यांची अदलाबदल मात्र या रीतीतून निसटते. क्रेडिट कार्डांवर आणि मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकात हीच रीत आहे. लून यांचे नाव लोकांना ठाऊक आहे ते यामुळे, खणांमुळे नव्हे. हा न्याय काहीसा उफराटाच म्हणावा लागेल.

लेखांचे सारांश यंत्राकडून काढून घेण्याची पद्धत त्यांनी १९५८ मध्ये मांडली. १९६१ मध्ये ते आयबीएममधून निवृत्त झाले आणि १९ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. हॅशिंग हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ झाला तो त्यानंतर, साठच्या दशकाच्या अखेरीस.