पाच पौंडांचा दंड

आमच्या बचत गटात एक वाद ठरलेला असतो. कुठे पूर आला, आग लागली की वर्गणी काढायला सगळ्या तयार. पण ती द्यायची कुणाला? ज्यांच्याशी आपलं भांडण आहे, त्या पलीकडच्या आळीलाही? मग चहा गार होईपर्यंत चर्चा! अशा वेळी मला एग्लंटाइन जेब आठवते. नाव उच्चारायला अवघड, पण बाई ओळख करून घ्यावी अशीच.

१८७६ मध्ये इंग्लंडमधल्या एलस्मिअर या गावी एका जमीनदाराच्या घरात ती जन्मली. तिची आई गावातल्या गरीब मुलांना लाकडावरचं कोरीवकाम शिकवायची. त्यातूनच १८८४ मध्ये गावोगावी हस्तकला शिकवणारी एक संस्था उभी राहिली. दान देण्यापेक्षा हाताला काम द्यावं, हे एग्लंटाइनने असं घरातच पाहिलं. मुलींनी कॉलेजात जावं हे मात्र वडिलांना पसंत नव्हतं. तिथे आत्या पाठीशी उभी राहिली आणि ही ऑक्सफर्डला इतिहास शिकली. (अशी एक आत्या प्रत्येक घरात हवी, नाही का?)

पुढे ती गरिबांच्या शाळेत शिक्षिका झाली, पण जेमतेम वर्षभर टिकली. तब्येत साथ देईना आणि मुलांमध्ये रमणं हा तिचा पिंडच नव्हता. लग्न केलं नाही, स्वतःचं मूल नाही. आणि हीच बाई पुढे जगभरच्या मुलांसाठी झिजली!

१९१३ मध्ये ती मदतनिधी घेऊन मॅसेडोनियाला गेली. बाल्कन युद्धात घरदार जळालेली माणसं रांगेत उभी होती. भाकरी वाटून आजचा दिवस निघेल, पण उद्याचं काय? या माणसांना पुन्हा जमीन, घर, उद्योग मिळाला पाहिजे, असं तिला तिथे पटलं. परत आल्यावर तिने शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीत काम केलं. सहकार म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग पहिलं महायुद्ध झालं. १९१८ च्या नोव्हेंबरात लढाई थांबली, तरी ब्रिटनने जर्मनी-ऑस्ट्रियाची समुद्री नाकेबंदी चालूच ठेवली. तिकडे धान्य पोचेना, लहान मुलं उपासमारीने मरू लागली. एग्लंटाइन आणि तिची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन यांना हे सहन होईना. १९१९ मध्ये एग्लंटाइनने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात अशा एका मुलाचा फोटो छापलेली पत्रकं वाटली. त्यांना सरकारी परवानगी नव्हती, म्हणून तिला अटक झाली. कोर्टात ती स्वतःच स्वतःची बाजू मांडायला उभी राहिली. कायद्याने ती दोषी ठरली आणि पाच पौंड दंड झाला. पण गंमत पाहा, तिच्या विरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच ते पाच पौंड आपल्या खिशातून तिला दिले! तीच तिच्या नव्या निधीची पहिली देणगी ठरली.

त्याच मे महिन्यात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा झाली. शत्रूच्या पोरांसाठी पैसे मागणाऱ्या बायकांवर फेकायला काही जण सडकी फळं घेऊन आले होते, असं सांगतात. ज्यांचे मुलगे नुकतेच लढाईत गेले, त्यांना राग येणारच. त्यांनाही मी दोष देणार नाही. पण त्या सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीची स्थापना झाली.

एग्लंटाइन नुसती भावनेवर चालणारी नव्हती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, त्यासाठी जाणकार माणूस पगारावर नेमला. यावर टीका झाली, पण पैसाही आला. १९२१ मध्ये रशियात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा धान्य आणि औषधं घेऊन जहाज तिकडे गेलं. तिथे मुलांसाठी अन्नछत्रं चालवली.

मला मात्र सर्वात मोठं वाटतं ते त्यानंतरचं काम. बल्गेरियात निर्वासितांचे लोंढे आले होते. तिथे निधीने १९२६ च्या सुमारास त्यांच्यासाठी एक नवं गावच वसवलं, अटोलोवो. मॅसेडोनियात जे मनात आलं होतं, ते असं तेरा वर्षांनी जमिनीवर उतरलं.

१९२३ मध्ये जिनिव्हात तिने मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा लिहिला. संकटात पहिली मदत मुलाला मिळावी आणि मोठेपणी पोट भरता येईल असं त्याला तयार करावं, पण कुणी त्याला राबवून घेऊ नये, असं त्यात आहे. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. पुढे १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, त्याचं मूळ इथेच. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला.

थायरॉइडच्या आजाराने ती वर्षानुवर्षं बेजार होती, तरी प्रवास थांबला नाही. १९२८ च्या डिसेंबरात जिनिव्हातच ती गेली, वयाच्या ५२ व्या वर्षी. अटोलोवो मात्र बल्गेरियाच्या नकाशावर आजही आहे.